पुण्यातलं फुल बॉडी चेकअप : आठ महिन्यांनंतर

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते, वय ४७. गेल्या डिसेंबरात भाचीच्या लग्नाला पुण्याला गेले, तेव्हा एका खासगी सेंटरमध्ये फुल बॉडी चेकअप करून घेतलं. इथे आम्हा मैत्रिणींत सुट्टीहून आलं की पहिला प्रश्न हाच, "चेकअप केलंस का गं?" पण परत आल्यावर त्या फाइलचं पुढे काय होतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयात दर पाच वर्षांनी एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, हेल्थ चेक मिळतं. त्यात बीपी, कोलेस्टेरॉल, वजन, मधुमेहाचा धोका एवढंच बघतात. माझ्या आईला पंचेचाळिशीतच मधुमेह झाला, त्यामुळे मला सगळंच एकदा बघून घ्यायचं होतं. पॅकेज शंभर पौंडांच्या आत बसलं.

तो दिवस छान गेला, हे मनापासून सांगते. सकाळी सातला उपाशीपोटी रक्त, मग सोनोग्राफीसाठी पाणी पीत बसायचं. गर्भलिंग निदान केले जात नाही, या पाटीखाली आम्ही आठ-दहा बायका हातात बाटल्या घेऊन. तिथल्या मावशी दर दहा मिनिटांनी येऊन विचारायच्या, "ताई, लागली का? नाही? अजून एक ग्लास घ्या बरं." माझा नंबर आला तेव्हा त्यांनी माझी पर्स आणि शाल स्वतःकडे धरून ठेवली. नंतर गरम उपमा, दोन तासांनी पुन्हा रक्त, मग मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, आणि ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट. दुपारी दोनला मोकळी. इथे एवढ्या तपासण्यांना किती महिने लागले असते!

चूक माझी एक झाली. विमानातून उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी गेले. झोप नाही, आदल्या रात्री केळवणाचं जेवण. बीपी १४८/९२ आलं आणि तिथल्या डॉक्टरांनी लगेच गोळी लिहून दिली. मी ती सुरू केली नाही. लेस्टरला आल्यावर जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, सात दिवस घरी, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा बीपी मोजून लिहायला सांगितलं. पहिला दिवस सोडून सरासरी निघाली १२६/८०. म्हणून सांगते, पोचल्यावर निदान आठवडाभर थांबा.

आता फाइल. तिथे कोलेस्टेरॉल, साखर सगळं मिलिग्रॅममध्ये येतं, इथे मिलिमोलमध्ये. माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ होतं, त्याला ३८.६७ ने भागलं की इथलं ३.८ मिळतं. साखरेला १८ ने भागायचं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, तिथे टक्क्यांत असतं. माझं ६.२ टक्के, म्हणजे इथल्या भाषेत ४४. इथे ४२ ते ४७ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. जीपीकडे जाण्याआधी मी हे सगळं एका कागदावर इथल्या एककांत मांडून नेलं. तिने तो कागद वाचला, एचबीएवनसी इथे पुन्हा करून घेतलं, तेवढंच आलं, आणि मला एनएचएसच्या मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात घातलं. भात अर्धा केला, जेवणानंतर वीस मिनिटं चालते. गेल्या महिन्यात ४१ आलं. आईला फोनवर सांगताना दोघींनाही रडू आलं. एवढ्या एका आकड्यासाठी मी त्या पॅकेजची ऋणी आहे.

पण त्याच पॅकेजने मला तीन महिने झोपू दिलं नाही. काही तक्रार नसताना गळ्याची सोनोग्राफी त्यात होती आणि थायरॉइडमध्ये ९ मिलिमीटरची गाठ दिसली. परतीच्या विमानाला चार दिवस उरले होते. "उद्याच सुई घालून तपासून घ्या, रिस्क कशाला घेता?" असं सांगण्यात आलं. अशा गाठी किती जणींना असतात, हे कुणी सांगितलं नाही. इथे पुन्हा सोनोग्राफी झाली, गाठ साधी निघाली, सुईची गरजच नव्हती.

त्या तीन महिन्यांत मी दक्षिण कोरियाबद्दल वाचलं. तिथे कॅन्सरच्या तपासणीसोबत थोडे जास्त पैसे भरून थायरॉइडची सोनोग्राफी करायची पद्धत पडली. २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरची निदानं १९९३ च्या पंधरापट झाली. त्या कॅन्सरने दगावणाऱ्यांची संख्या मात्र तेवढीच राहिली. म्हणजे ज्या गाठी आयुष्यभर गप्प बसल्या असत्या, त्यांच्यासाठी हजारो लोकांच्या गळ्यांची ऑपरेशनं झाली. हे वाचून मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. बाईच्या मनात "कॅन्सर तर नाही ना" ही भीती घालणं किती सोपं असतं!

या डिसेंबरात परत जाते आहे. पॅकेज घेणार नाही. एचबीएवनसी आणि लिपिड, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, एवढंच करीन, तेही आईला सोबत नेऊन. गेल्या वेळच्या मॅमोग्राफीची सीडी मात्र नक्की मागणार. गेल्या वेळी गळ्याच्या सोनोग्राफीचा नुसता कागद आणला होता, त्यामुळे इथे जुनं चित्र नव्या चित्राशी ताडून बघता आलं नाही. सीडी काउंटरवर मागितली की देतात, पण मागावी लागते.