जुन्या लॅपटॉपमध्ये सॅमसंग ८७० ईव्हीओ: सात महिन्यांच्या वापरानंतर

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी शिकवते. माझा लॅपटॉप २०१४ साली घेतलेला आहे. त्यात चौथ्या पिढीचा कोअर आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि मिनिटाला ५४०० फेऱ्यांची ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. तिच्या जागी मी सात महिन्यांपूर्वी एसएसडी बसवली, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारा ड्राइव्ह. गेल्या दोन-तीन वर्षांत तो इतका मंदावला होता की सकाळी बटण दाबल्यापासून वर्डची फाइल हाताशी येईपर्यंत घड्याळ लावून चार मिनिटे दहा सेकंद जात. पावसाळ्यात आमच्याकडे करंट गेला आणि थकलेल्या बॅटरीमुळे लॅपटॉप मध्येच बंद पडला, तर पुढच्या वेळी डिस्क तपासणीतच अर्धा तास मोडत असे. टास्क मॅनेजर उघडला की प्रोसेसर निवांत आणि डिस्कचा रकाना मात्र १०० टक्क्यांवर अडकलेला दिसे. आजार कुठे आहे, हे त्या एका रकान्यावरूनच कळत होते.

कारण समजून घेण्यासारखे आहे. मिनिटाला ५४०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, शिवाय ते टोक योग्य जागी सरकायलाही वेळ लागतो. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील, तर अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आतच तुकडे उचलू शकते, आणि विंडोज सुरू होताना नेमके असेच हजारो बारीक तुकडे वाचावे लागतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे हा थांबा जवळजवळ नाहीसा होतो. जाहिरातीत सेकंदाला ५६० एमबी वाचण्याचा जो वेग ठळकपणे छापलेला असतो, त्याच्यापेक्षा थांबा गेल्याचा फायदा जुन्या लॅपटॉपला कितीतरी अधिक होतो, असे माझे मत आहे.

मी सॅमसंग ८७० ईव्हीओचा ५०० जीबीचा ड्राइव्ह घेतला. याहून स्वस्त एसएसडी बाजारात भरपूर आहेत आणि केवळ वेगाने सुरू होण्यासाठी त्याही पुरतात. परंतु अनेक स्वस्त ड्राइव्हमध्ये स्वतःची डीरॅम (कामापुरती जलद स्मृती) नसते आणि मोठा मजकूर सलग उतरवून घेताना त्यांचा वेग बराच खाली येतो. ८७० ईव्हीओमध्ये डीरॅम आहे, पाच वर्षांची वॉरंटी आहे आणि ५०० जीबीच्या ड्राइव्हवर ३०० टेराबाइट लेखनाची, म्हणजे ड्राइव्हवर माहिती लिहिण्याची मर्यादा दिलेली आहे. माझे सात महिन्यांतील लेखन दोन टेराबाइटच्याही आत आहे, तेव्हा शाळेचे काम करणाऱ्याने त्या मर्यादेची काळजी करण्याचे कारण नाही.

खरी अडचण ड्राइव्ह निवडण्याची नव्हती. माझ्या डिस्कवर दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या. एसएसएलसीच्या (कर्नाटकातील दहावीच्या) सरावाच्या मराठी प्रश्नपत्रिका श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत आणि शिक्षण खात्याला पाठवायची कन्नड पत्रे नुडी या कन्नड टंकलेखनाच्या प्रणालीमध्ये. हे फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे असल्यामुळे तोच फॉन्ट नसेल, तर आख्खे पान निरर्थक चिन्हांनी भरून जाते. सीमाभागात मराठी शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर दोन भाषांचा असा संसार जपून मांडलेला असतो, हे बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. बेळगाव शहरातील पहिल्या दुकानात सरळ सांगण्यात आले की सगळे पुसून नव्याने विंडोज टाकावे लागेल आणि फॉन्टचे तुमचे तुम्ही बघा. मी तेथून लॅपटॉप परत घेतला.

दुसरे दुकान बेळगावच्याच शहापूर भागातील एक अरुंद गाळा. तेथील तंत्रज्ञांनी लॅपटॉप उघडण्याआधी त्यावर काय काय काम चालते, हे विचारून घेतले आणि म्हणाले, “टीचर, फॉन्ट महत्त्वाचे असतील तर फॉरमॅट नको, क्लोन करूया. वेळ लागेल, पण सगळे जसेच्या तसे येईल.” क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या ड्राइव्हवर उतरवणे. त्यांनी आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जुन्या डिस्कची प्रकृती दाखवली. तेथे पिवळ्या रंगात सावधानतेचा इशारा होता, म्हणजे डिस्कचे काही भाग निकामी होऊ लागले होते. त्यामुळे क्लोन करण्याआधी माझ्या महत्त्वाच्या फाइली त्यांनी वेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून माझ्या हातात दिल्या. हा एक टप्पा किती दुकाने पाळतात, मला शंका आहे, आणि माझ्या दृष्टीने दुकानाची पारख येथेच झाली. पुढे क्लोन एकदा मध्येच अडकले. डिस्कची तपासणी करून दुसऱ्यांदा लावल्यावर सुमारे पाच तासांनी ते पूर्ण झाले. जुनी डिस्क आणि नवा ड्राइव्ह दोन्ही ५०० जीबीचे असल्याने डिस्कवरील विभाग (पार्टिशन) लहान करण्याचा खटाटोप करावा लागला नाही. ४८० जीबीचा ड्राइव्ह घेतला असता, तर तो करावा लागला असता.

जोडणीचे काम मी शेजारी उभी राहून पाहिले. मागच्या झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू चुकून आखूड जागी गेला तर आतल्या पट्टीला इजा होऊ शकते. म्हणून त्यांनी एका कोऱ्या कागदावर लॅपटॉपची चौकट काढली आणि प्रत्येक स्क्रू जिथून निघाला, त्याच जागी कागदावर मांडून ठेवला. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाडीची आणि एसएसडी सात मिलिमीटरची, त्यामुळे लोखंडी चौकटीत ती थोडी सैल बसत होती. वरून अडीच मिलिमीटरची प्लॅस्टिकची चौकट चिकटवल्यावर ती हलेनाशी झाली. शेवटी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, एएचसीआय ही ड्राइव्ह चालवण्याची पद्धत चालू असल्याची खात्री करून त्यांनी लॅपटॉप माझ्यासमोर तीनदा बंद-चालू केला. मजुरी ७०० रुपये झाली आणि ती मला रास्त वाटली.

आता बटण दाबल्यापासून बावीस ते पंचवीस सेकंदांत काम सुरू होते. २०१६ सालची प्रश्नपत्रिका उघडली, तेव्हा सगळी जोडाक्षरे जागच्या जागी होती. त्या क्षणी मला फार समाधान वाटले. डिस्कची टकटक थांबली आहे आणि तळहाताखालचा भाग पूर्वीसारखा तापत नाही.

तरीही काही गोष्टी एसएसडीने बदललेल्या नाहीत. एसएटीएस या कर्नाटक शिक्षण खात्याच्या पोर्टलवर विद्यार्थ्यांची माहिती भरताना ब्राउझरचे सात-आठ टॅब उघडले की ४ जीबी रॅम अपुरी पडते. माझ्या लॅपटॉपमध्ये रॅमची एक जागा रिकामी आहे आणि तेथे १.३५ व्होल्टची डीडीआर-३एल रॅम बसते, ती पुढे घालणार आहे. दोन्हींपैकी एकाच गोष्टीला पैसे असतील, तर आधी एसएसडी घ्यावी, असे मी सांगेन. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागत असल्याने माझा लॅपटॉप अधिकृतपणे त्यात बसत नाही. वाढीव सुरक्षेसाठी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अद्यतने मिळतात. ती नोंदणी मी केली आहे. त्यानंतर या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करणार नाही, टंकलेखन आणि छपाईपुरताच तो ठेवीन.

खरेदीपूर्वी एक खबरदारी अवश्य घ्यावी. इंटरनेटवर स्वस्त दिसणारा एम-२ आकाराचा (पट्टीसारखा छोटा) एनव्हीएमई ड्राइव्ह अशा जुन्या लॅपटॉपमध्ये बसत नाही. जुन्या डिस्कच्या जागी अडीच इंची साटा ड्राइव्हच लागतो (साटा ही जुन्या डिस्कचीच जोडणीची पद्धत). आणखी जुन्या, साटा-२ या कमी वेगाच्या जोडणीच्या लॅपटॉपमध्ये वाचनाचा वेग सेकंदाला ३०० एमबीच्या आत राहतो, पण सुरू होण्यातला फरक तेथेही स्पष्ट जाणवतो.

एसएसडी बंद पडली, तर तिच्यातून माहिती परत मिळवणे हार्ड डिस्कपेक्षा अवघड असते. जुनी डिस्क इशारा देऊन बसलेली असल्याने तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून दर शनिवारी शाळा सुटल्यावर प्रश्नपत्रिकांचे फोल्डर आणि फॉन्टचे दोन्ही संच मी पेन ड्राइव्हवर उतरवते. नव्या ड्राइव्हवरून ते काम तीन मिनिटांत होते. थकलेली बॅटरी मात्र अजून बदललेली नाही. अचानक वीज जाणे एसएसडीलाही चांगले नसते, त्यामुळे पावसाळ्याआधी बॅटरी घालून घेण्यासाठी त्याच दुकानात पुन्हा जाणार आहे.