विनू मांकड की रवी शास्त्री: मुंबईचा मोठा अष्टपैलू कोण?

दोघेही उजव्या हाताने फलंदाजी करणारे डावखुरे फिरकी गोलंदाज. दोघेही मुंबईकडून खेळले, फक्त मांकड जामनगरचे आणि शास्त्री इथलेच, माटुंग्याच्या पोदार कॉलेजचे.

आकडे पाहा. मांकड: 44 कसोटी, 2109 धावा, 162 बळी. शास्त्री: 80 कसोटी, 3830 धावा, 151 बळी. म्हणजे शास्त्रींपेक्षा जवळपास निम्म्या कसोटींत मांकडांनी बळी जास्त घेतले! गोलंदाजीत तुलनाच होत नाही.

1952 ची लॉर्ड्स कसोटी आठवा. सलामीला येऊन 72, मग पहिल्याच डावात 73 षटकं टाकून पाच बळी आणि पुन्हा सलामीला येऊन 184. सामना भारत हरला, पण एका माणसाने इतकं ओझं वाहिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी सापडत नाही.

शास्त्रींची बाजू फलंदाजीत भक्कम आहे. 1981 मध्ये दहाव्या क्रमांकावर पदार्पण केलेला हा पोरगा पुढे सलामीला आला, 11 कसोटी शतकं ठोकली, 1992 मध्ये सिडनीला 206 काढल्या. वानखेडेवर बडोद्याविरुद्ध एका षटकात सहा षटकारही मारले. चिकाटी हाच त्यांचा खरा गुण, आणि तो मुंबईच्या मैदानांवरच मुरतो. गुडघ्याने दगा दिला नसता तर कारकीर्द नक्कीच लांबली असती.

घरचं मैदान, फिरकीला साथ देणारी खेळपट्टी आणि एकालाच घ्यायचं असेल, तर मी डोळे झाकून मांकडांना घेईन. परदेशात वेगवान माऱ्यासमोर दिवसभर उभं राहायचं असेल, तर मात्र शास्त्री.