रोजची बॅग: चामडं, कॅनव्हास, नायलॉन की रेक्झिन?

बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांच्या पुढ्यातला ढीग एकदा नीट बघा. डोंबिवली स्टेशनाबाहेर माझी पाळी येईपर्यंत तो बघत मी अनेकदा उभी राहिले आहे. मधोमध फाटलेली बॅग त्यात क्वचित असते. कुणाच्या चेनचा रनर सुटलेला असतो, कुणाचा खांद्याचा बंद मुळाशी उसवलेला असतो, कुणाचं अस्तर फाटून चाव्या आणि नाणी त्याच्या मागे गडप झालेली असतात. हे सगळं काका घेतात. परत देतात ती फक्त पापुद्रे सुटलेली रेक्झिनची बॅग. ‘याला काही होणार नाही, ताई.’

माझी निवड याच ढिगावरून होते. रोज डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि चार्जर वाहणारी बॅग कधीतरी बिघडणारच. बिघडल्यावर ती दुरुस्त होते की टाकावी लागते, हे मी आधी बघते.

रेक्झिनचा निकाल आधीच लावते, कारण दुकानात सगळ्यात देखणी तीच दिसते. ‘पीयू लेदर’ किंवा ‘व्हीगन लेदर’ म्हणून मिळणारा बराचसा माल म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. हवेतल्या बाष्पाने हा थर हळूहळू विघटित होतो, आणि जुलैत मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणूनच लग्नकार्यापुरती जपून कपाटात ठेवलेली बॅग तीन-चार पावसाळ्यांनी बाहेर काढली की हाताला काळे पापुद्रे चिकटतात. त्यात तुमचा निष्काळजीपणा नसतो. न वापरताही ती संपत असते. पीव्हीसीचं रेक्झिन असं सोलवटत नाही, पण कडक होऊन घडीवर तडकतं. प्राण्याचं कातडं वापरायचं नाही असं ठरवलं असेल, तर त्या निर्णयाचा मला आदर आहे. पण मग कॅनव्हास किंवा नायलॉन घ्या, चामड्याची नक्कल नको.

आता खरं चामडं. इथे जरा थांबावं लागेल, कारण एकाच नावाखाली फार वेगवेगळा माल विकला जातो. कातड्याचा सगळ्यात वरचा थर, त्यावरच्या रंध्रांसकट आणि बारीक ओरखड्यांसकट ठेवलेला, म्हणजे फुल ग्रेन. त्याचे तंतू सगळ्यात दाट असतात. तोच वरून घासून, त्यावर एकसारखी नक्षी दाबली की डाग झाकले जातात, पण वरच्या दाट तंतूंचा काही भागही जातो. खालचा थर वेगळा काढला की ते स्प्लिट, त्याहून कमजोर. आणि चामड्याचा भुगा चिकटवून केलेलं बाँडेड लेदर तर रेक्झिनच्याच वाटेने जातं. ‘जेन्युइन लेदर’ हा शिक्का यातला कुठला थर आहे ते सांगत नाही. म्हणून शिक्क्यापेक्षा बंदाची किंवा आतल्या खिशाची कापलेली कड बघा. तिथे कापडाची वीण दिसली तर बॅग खाली ठेवा.

प्राण्यानुसारही फरक पडतो. म्हशीचं चामडं जाड, रवाळ आणि दणकट, पण वजनदार. शेळीचं हलकं आणि पातळ असूनही चिवट, त्यामुळे मला रोजच्या बॅगेसाठी सगळ्यात जास्त आवडतं. मेंढीचं हाताला लोण्यासारखं लागतं, पण सहज फाटतं. डब्याच्या ओझ्याला ते नको. धारावीतल्या चामड्याच्या दुकानांत हे तिन्ही प्रकार एकाच फेरीत हाताळून बघता येतात.

मग येतं कमावणं, म्हणजे कच्चं कातडं कुजू नये म्हणून त्यावर केलेली प्रक्रिया. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं आपल्याला कोल्हापुरी चपलांमुळे ओळखीचं आहे. त्या चपलांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. असं चामडं सुरुवातीला ताठ असतं आणि वापराने रंगाला गडद होत जातं. दहा वर्षांनी ते नव्यापेक्षा सुंदर दिसतं, हे मी माझ्या एका तपकिरी बॅगेवरून खात्रीने सांगते. पण पाणी ते पटकन शोषतं आणि थेंबांचे डाग धरतं. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ राहतं, रंग टिकवतं आणि पावसाची सर बऱ्यापैकी सोसतं. त्याच्या कारखान्यांचं सांडपाणी नीट शुद्ध केलं नाही तर नद्यांची हानी होते, हेही मनात असू द्यावं. तरी मुंबई-ठाण्यात आणि कोकण-गोव्यात, जिथे चार महिने बॅग ओली होणार, तिथे मी क्रोमचंच सुचवेन. नागपूर किंवा संभाजीनगरच्या कोरड्या हवेत हिरड्या-बाभळीचं चामडं आनंदाने घ्यावं.

बुरशी मात्र दोन्हींवर येते. पावसाळ्यात बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, वर जुन्या सुती ओढणीचं आवरण घाला आणि आठवड्यातून एकदा सावलीत वारा लागू द्या. उन्हात वाळवलेलं चामडं तडकतं.

कॅनव्हासचं दुखणं वेगळं. जाड सुती कॅनव्हास, म्हणजे चौरस यार्डाला १६ औंसाच्या आसपासचं, चौरस मीटरला साधारण ५४० ग्रॅम भरतं आणि वर्षानुवर्षं चालतं. ते आधी झिजतं तळाच्या कोपऱ्यांवर. तिथे ठिगळ कुठलाही शिंपी लावून देतो, आणि ते ठिगळ शोभतंही. मात्र भिजलं की जड होतं आणि वाळायला वेळ घेतं. चामड्याचे बंद लावलेलं कॅनव्हास धुणं अवघड, म्हणून बंदही सुतीच बघा. शाळा, कॉलेज, ग्रंथालय, वर्तमानपत्राचं कार्यालय अशा ठिकाणी कॅनव्हास छान दिसतं. बँकेत किंवा कोर्टात थोडं अनौपचारिक वाटेल.

नायलॉन सगळ्यात हलकं. चामड्याची मोठी बॅग रिकामीच किलोभराची होऊ शकते. खांदा किंवा मान दुखत असेल तर बाकीचा विचार बाजूला ठेवून नायलॉन घ्यावं. दुचाकीवरून पावसात जाणाऱ्यांनाही तेच सोयीचं, कारण झटकलं की वाळतं. फक्त आतून हात फिरवून बघा. पाणी अडवण्यासाठी दिलेला आतला लेप बहुधा पॉलियुरेथेनचाच असतो आणि काही वर्षांनी चिकट होतो, पण बाहेरची वीण शाबूत राहते. आतल्या शिवणींवर पट्टी मारलेली नसेल तर तिथून दोरे सुटत जातात.

पैशाचा हिशेबही करून बघितला. समजा रेक्झिनची बॅग १,२०० रुपयांना घेतली आणि दोन वर्षं टिकली. चामड्याची ६,००० ला घेतली आणि बारा वर्षं टिकली. वर्षाला ६०० विरुद्ध ५००, आणि चेन-बंदाची दुरुस्ती धरली तर जवळपास सारखंच. तेव्हा केवळ बचतीसाठी चामडं घ्यावं असं मी म्हणणार नाही. रोज हातात चांगली वस्तू असावी आणि कचऱ्यात पाच बॅगा कमी जाव्यात, एवढ्यासाठी घ्यावं.

काहीही निवडलंत तरी काकांचा ढीग आठवा. खांद्याचा बंद बॅगेला जिथे जोडलाय तिथे चौकोनी शिवण आणि तिच्यात फुली हवी. नुसत्या दोन रिव्हेटवर लटकलेला बंद गर्दीच्या लोकलमध्ये टिकत नाही. बंदाची पट्टी बॅगेच्या तळाखालून फिरवून आणलेली असेल तर फारच उत्तम. चेन क्रमांक ५ किंवा त्याहून मोठी असावी (क्रमांक वाढला की दात रुंद), जपानच्या वायकेके कंपनीची मिळाली तर अधिक बरं, आणि कोपऱ्यावर ती अडकता कामा नये. कड्या-हुकांना लहान लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वरचा मुलामा गेला की गंजेल. अस्तर फिकट रंगाचं असावं, म्हणजे आतलं दिसतं, आणि बाहेर ओढता येण्याइतकं सैल, म्हणजे बदलता येतं.

रंग काळा, गडद तपकिरी किंवा तांबूस. वर मोठं नाव नको, झालर नको. आकार मात्र मोजून ठरवा. दुकानात जाताना रोजचा डबा, भरलेली बाटली आणि छत्री सोबत न्या, तिथेच बॅगेत भरा आणि खांद्यावर घेऊन दहा मिनिटं उभं राहा. दुकानदार काही म्हणत नाहीत.