मागच्या चाकाचा नट: पाईप लावून आवळायचा की टॉर्क रेंचने?

घरी मोटरसायकलची चेन ताणणारे, चाक काढून ब्रेक शू साफ करणारे आपल्याकडे बरेच आहेत. अडतं ते शेवटी, अ‍ॅक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट किती आवळायचा यावर. मी सहा-सात वर्षं रिंग पाना आणि त्यावर चढवलेला लोखंडी पाईप वापरला. आता दोन वर्षं क्लिकवाली टॉर्क रेंच, म्हणजे लावलेल्या आकड्याइतका पीळ बसला की 'कट' आवाज करणारा पाना, वापरतोय.

पाना-पाईपला नावं ठेवणार नाही. स्वस्त आहे, कधी बिघडत नाही, आणि जाम नट सोडवायला आजही मी तोच काढतो. (रेंचने नट सोडवू नये, तिचं माप बिघडतं.) हात बसलेला मिस्त्री पान्यानेही बरोबर आवळतो, हे मी पाहिलंय. माझा हात तसा बसला नाही. हिशेब साधा आहे: फूटभर दांड्यावर २० किलोचा जोर दिला की सुमारे ६० न्यूटन-मीटर (पिळाचं माप) होतात. दांडा दोन फुटांचा केला की त्याच जोरात १२०. हाताला मात्र दोन्ही वेळी सारखंच वाटतं.

हे मला कळलं मे महिन्यात, नागपूर-अमरावती रोडवर, कोंढाळीच्या अलीकडे. मागचं चाक पंक्चर, दुपारचे दोन. टूलकिटमधला पाना नटावर बसवून मी पायाने दाबला, उभा राहिलो, तरी नट हलेना. पाईप घरी, अंगणात. गाडी ढकलत दुकानापर्यंत नेली. पंक्चरवाल्याने दोनदा जोर लावला आणि विचारलं, "भाऊ, पाईप लावून कसला होता काय? खुलूनच नाही राहिला." शेवटी सुटला, पण आट्यांचा चुरा नटासोबत बाहेर आला. अ‍ॅक्सल आणि नट दोन्ही बदलावे लागले.

माझा कौल तिथेच ठरला. घरी आवळलेला नट रस्त्यावर, हाताशी असलेल्या पान्याने सुटायला हवा. तेव्हापासून मॅन्युअलमधला आकडा लावतो, दांडा मुठीतच धरून सावकाश ओढतो आणि पहिल्या 'कट' आवाजाला थांबतो. खात्रीसाठी दुसऱ्यांदा ओढलं तर नट आणखी फिरू शकतो, तो मोह टाळावा.

रेंचचेही त्रास आहेत. काम झालं की ती सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, हे मी सुरुवातीला विसरायचो. आट्यांना ऑइल लागलेलं असेल तर तोच आकडा नट जास्त ताणतो, म्हणून आधी फडक्याने पुसून घ्यावं. माझी रेंच २८ ते २१० न्यूटन-मीटरची आहे, त्यामुळे ड्रेन बोल्टसारख्या (इंजिन ऑइल काढायचा बोल्ट) नाजूक कामाला तिचा भरवसा धरत नाही. आणि आवळताना अ‍ॅक्सल सरकतो, तो काही रेंच थांबवत नाही. त्यासाठी चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये फडक्याची घडी घालून चाक मागे फिरवावं, म्हणजे अ‍ॅक्सल अ‍ॅडजस्टरला (चेन ताणायच्या स्क्रूला) टेकून राहतो. नंतर चेनची ढील पुन्हा बघावीच.

वर्षातून एकदाच चाक उघडत असाल तर पाना पुरेल, फक्त आवळताना पाईप लावू नका. दर महिन्याला चेन ताणणाऱ्याने मात्र रेंचचा विचार करावा, असं मला वाटतं. नटाच्या मापाची गोटी (सॉकेट) बहुधा वेगळी घ्यावी लागते, तेव्हा दुकानात जाण्याआधी नट मोजून घ्या.