दवाखान्यात सॉफ्टवेअर घेतलं त्याला आठ महिने झाले

परळला चाळीच्या तळमजल्यावर माझा दवाखाना आहे, 22 वर्षं झाली. जूनमध्ये पेशंटच्या नोंदी आणि प्रिस्क्रिप्शनसाठी सॉफ्टवेअर घेतलं, वर्षाला 12,000 रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही.

पहिले दोन महिने मी ते बंद करायच्याच बेतात होते. भर पावसाळा, तापाच्या पेशंटची रांग जिन्यापर्यंत आणि मी एका बोटाने टाइप करतेय. एक आजी उठताना म्हणाल्या, "बाई, आज तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत." खरंच होतं. छाती तपासली होती, चेहरा पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी स्क्रीन टेबलाच्या कडेला सरकवला. आता वजन, बीपी, शुगर आमचे कंपाउंडरकाका बाहेरच भरतात आणि मी पेशंटचं बोलणं संपल्यावरच कीबोर्डला हात लावते. रोजचा अर्धा तास जास्त जातो, तो जातोच.

औषधं जेनेरिक नावाने, वाचता येतील अशी, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत हा नियम 2016 चा. माझं अक्षर बघून केला असावा! आता केमिस्टचा पोऱ्या चिठ्ठी घेऊन विचारायला येत नाही. पण 'हायड्र' एवढं टाइप केलं की यादी उघडते: हायड्रॉक्सिझिन, हायड्रॅलाझिन, हायड्रोक्लोरोथायझाइड. पहिलं खाजेवर, पुढची दोन्ही रक्तदाबावर. ऑगस्टमध्ये खाजेच्या पेशंटला दुसरं निवडलं गेलं. चिठ्ठी हातात देताना दिसलं म्हणून निभावलं. हाताने लिहिताना माझं अक्षर वाईट होतं, पण औषध तरी तेच असायचं. आता प्रत्येक प्रिंट पेशंटसमोर मोठ्याने वाचते. मराठी प्रिंटमध्ये 'झोपताना'च्या जागी 'बिछान्याची वेळ' छापून येतं. ते काका पेनाने खोडतात.

पैसे वसूल झाले ते एका आलेखात. एका मधुमेही काकांचे जुने रिपोर्ट फावल्या वेळात भरले, तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, तीन वर्षांत 0.9 वरून 1.5 वर चढलेलं. एकेक कागद वेगळा बघताना मला ते जाणवलं नव्हतं, हे कबूल करते. गुडघ्यासाठी ते मनानेच पेनकिलर घेत होते. त्या बंद केल्या आणि त्यांना किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

गणपतीत अर्धी चाळ कोकणात जाते आणि गोळ्या हमखास तिथेच संपतात. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलेल्या पेशंटला त्याच आजारासाठी व्हिडिओवर फॉलो-अप देता येतो. बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी व्हॉट्सॲपवर गेली, गावच्या केमिस्टने दिल्या. कुणाला तापाबरोबर धाप लागत असेल, तर मात्र फोनवर काही सांगत नाही, जवळच्या दवाखान्यात जायला लावते.

14 अंकी आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर, काढून देणं माझ्याकडे तरी जमलेलं नाही. म्हातारी माझ्यासमोर बसलेली, ओटीपी जातो मुलाच्या फोनवर आणि मुलगा अंधेरीला ड्युटीवर.

जूनमध्ये पुन्हा पैसे भरायचे की नाही, ठरलेलं नाही. कंपनी बदलली तर नोंदी सोबत नेता येतील का, म्हणून गेल्या आठवड्यात सगळा डेटा मागवून घेतला. एक्सेलची फाइल आली. आकडे सगळे बरोबर, पेशंटच्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. तक्रार केली आहे. जुन्या केसपेपरांचं कपाट तोवर तरी हलवत नाही.