केनेडी का पीडीआय? काही दात गेलेल्या पेशंटच्या चार्टवर कुठला क्लास ठेवायचा

परवा शिफ्टच्या आधी मुंबई नाक्यावर चहा घेताना एक ज्युनियर म्हणाली, ताई, आमच्या क्लायंटचा अमेरिकेतला डेंटिस्ट टेम्प्लेट बदलतोय, मिसिंग टीथच्या रकान्यात केनेडी क्लास ठेवायला सांगू का पीडीआय, का क्लासच काढून टाकू, नाहीतरी शेवटी नऊ लावला की कोड जातोच ना. केनेडी आणि पीडीआय ही काही दात गेलेल्या तोंडाची दोन वेगळी वर्गीकरणं, दोन्हीत क्लास वन ते फोर, आणि नऊ म्हणजे ‘क्लास माहीत नाही’. चहा संपेपर्यंत उत्तर देऊन होईल असं वाटलेलं, झालं नाही, म्हणून सगळं लिहूनच काढते.

आधी माझी फजिती. बीडीएस करून मी इथेच नाशिकला यूएस कोडिंगला (अमेरिकेतल्या पेशंटचे चार्ट वाचून आजाराचे कोड लावायचं काम) लागले, नवीनच होते, रात्रीचे दोन वाजलेले, आणि चार्ट आला: आठ आणि नऊ मिसिंग, सायकलवरून पडून, जुनी केस, क्लास फोर. आठ वाचल्यावर पहिल्यांदा डोक्यात अक्कलदाढच आली, कारण आपण कॉलेजपासून एफडीआय नंबरिंगवाले, त्यात तोंडाच्या प्रत्येक चतुर्थांशात आठवा दात म्हणजे अक्कलदाढ. अमेरिकेत युनिव्हर्सल नंबरिंग चालतं, वरच्या उजव्या अक्कलदाढेला १, तिथून फिरत फिरत खालच्या उजव्या अक्कलदाढेला ३२. म्हणजे आठ-नऊ हे वरचे मधले दोन पुढचे दात, आपले ११ आणि २१. तेवढं सावरलं. पण क्लास फोर दिसल्यावर डोळे झाकून के०८.४१४ टाकला आणि ऑडिटला उडाले.

का उडाले ते कळायला कोडची बांधणी बघावी लागते. आयसीडी-१०-सीएममध्ये (अमेरिकेतली आजारांच्या कोडची यादी, पुढे नुसतं सीएम) के०८.४ म्हणजे काही दात गेलेले. पाचवं अक्षर कारणाचं: १ ट्रॉमा, २ हिरड्यांचा आजार, ३ कीड, ९ दुसरं काही नक्की कारण, आणि कारणच लिहिलं नसेल तर ०. सहावं अक्षर क्लासचं, १ ते ४, क्लास माहीत नसेल तर ९. कोडबुकात नुसतं क्लास वन, टू, थ्री, फोर छापलंय, कुणाचा क्लास ते नाही, आणि इथेच आपण बीडीएसवाले पडतो, कारण प्रोस्थोच्या (कृत्रिम दातांचा विषय) व्हायव्हापासून क्लास म्हणजे केनेडी हे डोक्यात फिट बसलंय. हा क्लास पीडीआयचा आहे, अमेरिकन कॉलेज ऑफ प्रोस्थोडॉन्टिस्ट्सचा प्रोस्थोडॉन्टिक डायग्नॉस्टिक इंडेक्स. जुन्या आयसीडी-९ मध्ये कारणाचा कोड वेगळा आणि क्लासचा वेगळा लागायचा, १ ऑक्टोबर २०१५ पासून सीएम आलं तेव्हापासून दोन्ही एकाच कोडमध्ये.

आता दोघांना शेजारी ठेवून बघा. केनेडी सांगतो गॅप कुठे आहे. दोन्ही बाजूला मागे दातच नाहीत तर वन, एकाच बाजूला मागे नाहीत तर टू, एका बाजूला गॅप पण त्याच्या पुढे-मागे दात आहेत तर थ्री, मिडलाइन ओलांडणारी पुढची एकच गॅप असेल तर फोर. आरसा घालून दहा सेकंदात होतं. आकडा मोठा म्हणजे केस अवघड असं त्यात काहीच नाही. पीडीआय सांगतो केस किती अवघड आहे. त्यात चार गोष्टी बघतात, गॅप किती आणि कुठे, आधार देणाऱ्या दातांची हालत, चावा, आणि रिज, म्हणजे दात गेल्यावर उरलेला हाडाचा उंचवटा. चारातली जी सगळ्यात वाईट तिच्यावर क्लास ठरतो, सरासरी नाही.

माझ्या सायकलवाल्या पेशंटचे दोनच इन्सायझर (पुढचे दात) गेलेले, बाकी तोंड ठणठणीत. केनेडीने तो फोर, पण पीडीआयने वन, कारण वरच्या पुढच्या भागात दोन इन्सायझरपर्यंतची गॅप, बाकी सगळं नीट असेल तर, क्लास वनमध्येच बसते. डॉक्टरला क्वेरी (लेखी विचारणा) गेली, त्याने केनेडी म्हणायचं होतं असं कळवून पीडीआय क्लास वनचं अ‍ॅडेंडम टाकलं, म्हणजे जोडनोंद केली, मग कोड झाला के०८.४११. एका आकड्याचा फरक, पण साध्या केसला मी सगळ्यात अवघड ठरवून बसले होते. उलटंही होतं. एकच दाढ गेलीय, केनेडी थ्री, पण सगळे दात झिजलेत आणि चाव्याची उंचीच बदलून नव्याने बसवायचीय, तर पीडीआय थेट फोर.

मग केनेडी टाकून द्यायचा का? अजिबात नाही. काढता-घालता येणारी पार्शल (काही दातांची कवळी) बनवायची असेल तर लॅबवाल्याला केनेडीच लागतो, क्लॅस्प (दाताला धरणारी कडी) कुठे, सपोर्ट कुठून, सगळं त्यावर. लॅबच्या कागदावर तो हवाच, फक्त कोडशी त्याचं नातं नाही.

आणि तिसरा पर्याय, क्लासच्या जागी नऊ. लोक त्याला उगाच नावं ठेवतात. डॉक्टरने पीडीआय लिहिलाच नसेल तर नऊच बरोबर, कोडरने एक्स-रे बघून आपल्या मनाने क्लास लावायचा नसतो, आपण स्वतः बीडीएस असलो तरी. मला राग येतो तो आळशी ४०९ चा. चार्टमध्ये किडीमुळे काढला असं स्वच्छ लिहिलेलं असतं आणि तरी ४०९, तिथे के०८.४३९ यायला हवा, क्लास नाही पण कारण तर आहे ना! मात्र नुसतं ‘दात काढला’ हे कारण नाही, का काढला ते लिहिलेलं पाहिजे. आणि जन्मतःच दात आला नसेल तर या घरात यायचंच नाही, तो के००.० ला.

जाता जाता, इथल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सेक्शनमधून कोणी या लाइनला येत असेल तर जपून, डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१० मध्ये अपघाताने, काढून किंवा हिरड्यांमुळे दात गेले की के०८.१, आणि सीएममध्ये तोच के०८.१ म्हणजे तोंडात एकही दात नाही.

ज्युनियरला मी सांगितलं, एकच ठेवायचा तर पीडीआय, जागा असेल तर दोन वेगळे रकाने, आणि दोन्हीवर नाव पूर्ण लिहायचं, नुसतं ‘क्लास’ असा रकानाच नको. पीडीआयच्या ड्रॉपडाउनमध्ये ‘तपासला नाही’ हा पर्याय हवाच, नाहीतर घाईत डॉक्टर पहिलं दिसेल ते दाबतो. दाताच्या नंबरासमोर कारण सक्तीचं. ती म्हणाली, आणि जुन्या चार्टवर नुसतं क्लास टू लिहिलंय त्यांचं काय? त्यांना क्वेरी. पण ‘हा पीडीआय टू आहे ना?’ असं उत्तर तोंडात घालून विचारायचं नाही, ‘नोटमधला क्लास कुठल्या वर्गीकरणाचा आहे आणि दात कशामुळे गेले ते कृपया नोंदवा’, एवढंच.