थुजा सांगून लावलेली २८ लेलँड झाडे

नॉर्थ कॅरोलायनात घर घेतल्यावर मागच्या अंगणाला आडोसा हवा, म्हणून आम्ही एका बागकाम कंत्राटदाराकडे ‘थुजा ग्रीन जायंट’ या संकरित सूचिपर्णी झाडांची मागणी केली. हे झाड वर्षाला सुमारे ३ फूट वाढते आणि हरणे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत, हे आम्ही आधीच वाचले होते. कंत्राटदाराने बोलताना प्रत्येक वेळी ‘ग्रीन जायंट’ हेच नाव घेतले. बिलावर मात्र ‘सदाहरित झाडे, २८ नग’ एवढेच होते, आणि त्यावर आम्ही विश्वासाने सही केली.

तीन वर्षे कुंपण डोळ्यांदेखत उंचावले. चौथ्या उन्हाळ्यात मात्र एकेक फांदी तांबूस होऊन वाळू लागली आणि सालीतून डिंक पाझरू लागला. काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयातील तज्ज्ञाने फांदी पाहताच ही झाडे थुजा नसून लेलँड सायप्रस असल्याचे सांगितले. रोग सेरिडियम बुरशीचा होता. त्यावर उपयोगी पडणारी फवारणी नाही, रोगट फांद्या कापणे एवढेच हाती असते, आणि वाळलेल्या जुन्या लाकडातून या झाडाला पुन्हा पालवी फुटत नाही.

लेलँड मुळात वाईट झाड नव्हे. १८८८ मध्ये वेल्समधील लेटन हॉलच्या बागेत दोन सायप्रस जातींच्या संकरातून ते जन्मले आणि तिथल्या थंड, ओलसर हवेत ते उत्तम वाढते. आमच्याकडचा कडक उन्हाळा, पाण्याची ओढ आणि चिकणमाती त्याला दुबळे करतात. पुढे १५ फुटांपर्यंत पसरणारी ही झाडे कंत्राटदाराने ४-४ फुटांवर लावली होती. त्यामुळे नगांची संख्या वाढली आणि दाटीत हवा खेळायची थांबली. दुसऱ्या झाडाचे नाव सांगून हे झाड गळ्यात मारणे ही सरळ फसवणूक होती. जाब विचारल्यावर त्याने बिलावरील शब्दांकडे आणि संपलेल्या एका वर्षाच्या हमीकडे बोट दाखवले.

आतापर्यंत ११ झाडे तोडावी लागली आहेत. आपण अशी झाडे घेणार असाल, तर बिलावर झाडाचे पूर्ण शास्त्रीय नाव, वाणाचे नाव आणि दोन झाडांमधील अंतर लिहून घ्या, आणि खड्डे खणण्यापूर्वी प्रत्येक कुंडीवरील रोपवाटिकेची पट्टी स्वतः वाचा. आमच्या रोपांवरच्या पट्ट्या ती अंगणात येण्यापूर्वीच काढून टाकलेल्या होत्या.